आक्कांचे तेरा गुण कुठे गेले? स्मृतिभ्रंशाची चाचणी मराठीत आणतानाचं एक प्रकरण

(व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी धर्मादाय रुग्णालयात मी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. आमच्या ज्येष्ठांच्या ओपीडीत सांधेदुखी, मोतीबिंदू, साखर यांचे रुग्ण भरपूर येतात. विसरण्याची तक्रार घेऊन मात्र क्वचितच कुणी येतं. घरचे म्हणतात, "वय झालं आता." फारच झालं तर "म्हातारचळ लागलाय" म्हणून विषय संपतो. भारतात साठीच्या पुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाने दिला. त्या हिशेबाने आमच्या तालुक्यातली बरीच माणसं निदानाविनाच घरात बसून होती. म्हणून आम्ही गावोगाव तपासणी शिबिरं घ्यायचं ठरवलं.

चाचणी कोणती घ्यायची यावर फार विचार झाला नाही. जगभर वापरली जाणारी एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) घेतली. मार्शल आणि सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी १९७५ मध्ये ती प्रसिद्ध केली. ३० गुणांची चाचणी, दहा मिनिटांत होते, आणि २४ च्या खाली गुण आले की पुढची तपासणी करायची असा सर्वसाधारण संकेत आहे. एका कार्यकर्तीने तिचं मराठी भाषांतर केलं. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या एका इंग्रजीच्या शिक्षकांकडून आम्ही ते उलट इंग्रजीत करून घेतलं आणि मूळ मजकुराशी ताडून पाहिलं. अगदी शब्दाला शब्द जुळलं. आम्हाला फार समाधान वाटलं. आमची फसगत तिथेच झाली, हे पुढे कळलं.

अडचण

जूनमधलं एक शिबिर गावातल्या समाजमंदिरात होतं. त्यात आक्का आल्या. वय ७४, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. घरी तीन म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध, आणि आठवड्याच्या बाजारात भाजीची पाटी. मुलगा त्यांना घेऊन आला होता, कारण त्या हल्ली "दोनदा सांगितल्याशिवाय ऐकत नाहीत." (एका कानाने त्यांना कमी ऐकू येतं. हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.)

प्रश्न विचारणारा मुलगा समाजकार्याचा विद्यार्थी होता, मनापासून काम करणारा. त्याने विचारलं, "आजी, आज तारीख काय?" आक्का म्हणाल्या, "आज एकादस. माजा उपास हाय." महिना? "जेष्ठ." कागदावर बरोबर उत्तर म्हणून 'जून' लिहिलेलं होतं. दोन्हीला शून्य. आक्कांनी वर हेही सांगितलं होतं की माउलींच्या प्रस्थानाला आजपासून बारा दिवस आहेत. आळंदीहून पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि तो दिवस ज्येष्ठ शुद्ध एकादशीचा होता. मोजून पाहा, बरोबर बारा दिवस. पण या उत्तरासाठी कागदावर रकाना नव्हता.

सन सांगता आलं नाही. "आपण कोणत्या मजल्यावर आहोत?" यावर त्यांनी समाजमंदिराच्या पत्र्याकडे पाहिलं आणि गप्प राहिल्या. शंभरातून सात वजा करत जा, असं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "कशातलं सात?" पाचही गुण गेले. इंग्रजीतलं जीभ अडखळवणारं वाक्य मराठीत "जर नाही, आणि नाही, किंवा पण नाही" असं झालं होतं. ते ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आसं कोन बोलतं?" मग वाचायचं, लिहायचं आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायचे. पेन्सिल त्यांनी चिमटीत धरली, रांगोळी सोडताना धरतात तशी, टोक वर करून. कागदावर रेघ उमटेना. "मला न्हाई येत," म्हणून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि हात पदराखाली घेतला. तो हात पदराखाली जाताना मी पाहिला होता. तिथेच थांबायला हवं होतं.

एकूण १७ गुण. कागदावर आम्ही लिहिलं: 'स्मृतिभ्रंशाची दाट शक्यता, शहरात दाखवावे.'

तेरा गुण गेले खरे, पण कुठले गेले ते आम्ही पाहिलंच नाही. आधी सांगितलेले तीन शब्द मध्ये दुसरे प्रश्न झाल्यावर पुन्हा विचारले, तेव्हा आक्कांनी तिन्ही न चुकता सांगितले होते. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आजारात, सहसा सगळ्यात आधी डळमळतो तो हाच भाग. बेरीज तेवढी आमच्या डोळ्यांत भरली.

दोन महिन्यांनी त्यांची सून ओपीडीत आली. ती आक्कांना आत्याबाई म्हणते. शिबिराच्या कागदानंतर मुलाने कपाटाची किल्ली आणि डेअरीचं पासबुक आक्कांकडून काढून घेतलं होतं, बाजार बंद केला होता. शहरात नेणं पैशाअभावी राहिलंच. सून म्हणाली, "बाई, मागच्या दहा दिवसांच्या बिलात फॅट कमी लावलेली. आम्ही कुणी बघितलं न्हाई. आत्याबाईंनी तोंडी हिशेब करून काढली चूक. आणि किल्ली आम्ही त्यांच्याकडनंच घेतलीया."

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय होता चाचणी तीच ठेवून पास होण्याची रेघ खाली आणायचा. त्याला आधारही होता. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या १८ हजारांवर प्रौढांचे एमएमएसईचे गुण प्रसिद्ध झाले. नऊ किंवा जास्त वर्षं शिकलेल्यांचा मध्यांक (गुण चढत्या क्रमाने लावले तर मधोमध येणारा आकडा) २९ होता आणि चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांचा २२. म्हणजे खुद्द इंग्रजीतसुद्धा ही चाचणी बऱ्याच अंशी शाळा मोजते. पण रेघ खाली आणल्याने आक्का वाचल्या तरी शाळा न शिकलेली आणि खरोखर आजारी असलेली बाई सापडणार कशी? अक्षरओळख नसल्यामुळे गेलेला गुण आणि आजारामुळे गेलेला गुण बेरजेत सारखेच दिसतात. मला हा पर्याय पहिल्यापासून पटला नाही.

शिवाय हक्काचा प्रश्न होता. एमएमएसईचे हक्क आता एका खासगी प्रकाशन कंपनीकडे आहेत. परवानगीशिवाय भाषांतर करून वापरणं ही आमची चूकच होती आणि ती आम्ही लगेच थांबवली. मोका ही २००५ ची चाचणी सौम्य बिघाड पकडायला जास्त चांगली, पण ती घेणाऱ्याने प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. तिच्यात घनाकृती काढायची असते, आकडे आणि अक्षरं आळीपाळीने जोडायची असतात. बारा वर्षांपर्यंत शिकलेल्याला एक गुण जास्त देतात, पण पाटीला हातच न लावलेल्या माणसाला एका गुणाने काय होणार? कमी शिकलेल्यांसाठी तिची वेगळी 'बेसिक' आवृत्ती आहे. ती आम्ही विचारात घेतली, पण प्रत्येक आशाताईला प्रमाणपत्र मिळवून देणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं.

तिसरा पर्याय आमच्याच देशातला होता. हरियाणातल्या बल्लभगड भागात, बहुतांश निरक्षर ज्येष्ठांसाठी, भारत-अमेरिका संशोधकांनी मिळून एमएमएसईवरून हिंदी चाचणी तयार केली. ती एचएमएसई म्हणून ओळखली जाते आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथल्या संशोधकांनी नुसते शब्द बदलले नाहीत, प्रश्न बदलले. 'डोळे मिटा' हे वाचायला देण्याऐवजी परीक्षक म्हणतो, माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि स्वतः डोळे मिटतो. वाक्य लिहून घेण्याऐवजी घराबद्दल एक वाक्य बोलायला सांगतात. शंभरातून सात वजा करण्याच्या जागी वारांची नावं उलट क्रमाने. लासी-डॅडमध्येही हीच चाचणी होती.

चाचणी बाजूला ठेवून फक्त घरच्यांशी बोलायचं, असंही एका सहकाऱ्याने सुचवलं. त्यात तथ्य होतं, पण घरच्यांचंही एक मत असतं. आक्कांच्या मुलाचं होतंच की.

आम्ही ठरवलं ते असं: एचएमएसईचा सांगाडा घ्यायचा, मूळ संशोधकांना लिहून विचारायचं, तो आमच्या तालुक्याच्या मराठीत बसवायचा आणि प्रत्येक वेळी घरातल्या एका माणसाशी स्वतंत्रपणे बोलायचं.

काय केलं

या वेळी भाषांतर दोघींनी वेगवेगळं केलं, मग एकत्र बसून एक मसुदा काढला. खरं काम त्यानंतरचं. मसुदा घेऊन आम्ही देवळाच्या पारावर, डेअरीच्या रांगेत, आरोग्य केंद्राच्या ओट्यावर बसलो. चांगल्या ठणठणीत म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारायचा आणि उत्तरानंतर पुन्हा विचारायचं: "तुम्हाला काय विचारलं असं वाटलं?" या एका प्रश्नाने मसुद्याचा निम्मा भाग बदलायला लावला.

आठवणीच्या तीन शब्दांत आम्ही 'नाणं' घेतलं होतं. पाच मिनिटांनी माणसं "पैसा" म्हणत. स्मरणशक्ती शाबूत होती. नाणं हा शब्द रोजच्या तोंडात नाही, म्हणून मनात तो ओळखीच्या शब्दात साठवला जात होता. आम्ही 'रुपया' घेतला आणि ही अडचण मिटली.

महिन्याचं उत्तर मराठी किंवा इंग्रजी, दोन्ही ग्राह्य धरलं. इथे हिंदी नमुन्यावरून आणताना एक सापळा होता, तो आमच्यातल्या एका वारकरी घरातल्या परिचारिकेने दाखवला. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणजे वद्य पक्षात आपला ज्येष्ठ चालू असतो, तेव्हा उत्तरेच्या पंचांगात आषाढ लागलेला असतो. माउलींची पालखी निघते तोच दिवस तिकडच्या पंचांगात आषाढातला. परीक्षकाने मोबाइलवर कुठलंही हिंदी पंचांग पाहून खूण केली असती, तर महिन्यातले पंधरा दिवस बरोबर उत्तरं चूक ठरली असती. आता प्रत्येक संचात मराठी दिनदर्शिका असते. ऋतूंत उन्हाळा-पावसाळा-हिवाळा, आणि कुणी शेतकरी "मिरग लागलाय" म्हणाला तर तेही बरोबर. मृग जूनमध्येच लागतो.

वारांची उलट नावं उत्तम चालली. आईतवार, शनवार, शुक्कुरवार, बेस्तरवार... 'बेस्तरवार' म्हणजे गुरुवार, हे शहरातून आलेल्या विद्यार्थ्याला माहीत नसतं, म्हणून कागदावर छापलं. एकाने सुचवलं होतं की वजाबाकी पैशांत विचारावी. आक्कांना मी स्वतः तसं विचारून पाहिलं होतं: शंभराची नोट दिली, सात रुपयांची मेथी घेतली, किती परत? प्रश्न संपायच्या आत "त्र्याण्णव." पुन्हा सात? "शहाऐंशी." हे ऐकताना बरं वाटलं, पण चाचणीत आम्ही ते घेतलं नाही. घरात पैसा कधी हाताळायलाच न मिळालेल्या बायका आमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यांचं काय? त्यात मराठीतले आकडे अवघड. ८६ नंतर ७९, म्हणजे 'एकोणऐंशी', ऐंशीला एक उणा. वजाबाकीच्या आत आणखी एक वजाबाकी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' आलं, तेव्हा केवढा वाद झाला होता. तो वाद ऐकताना मला आमच्या ओपीडीत त्र्याण्णववर अडकलेले चेहरे आठवत होते.

पुन्हा म्हणायच्या वाक्यावर सगळ्यात जास्त खल झाला. छोटे, एकमेकांसारखे शब्द ओळीने ऐकून जसेच्या तसे म्हणता येतात का, हे मूळ इंग्रजी वाक्य पाहतं. अर्थ तिथे दुय्यम. आम्ही "हेही नाही, तेही नाही, काहीच नाही" असं घेतलं. पारावर लोक म्हणाले, "हे बी न्हाई, ते बी न्हाई, कायबी न्हाई." गुण द्यायचा का? एका सहकाऱ्याचं म्हणणं, जसंच्या तसं हवं, म्हणून शून्य. माझं म्हणणं, तिन्ही तुकडे क्रमाने आले, माणसाने फक्त आपल्या बोलीत घातले, म्हणून पूर्ण गुण. शेवटी गुण द्यायचं ठरलं.

आकृतीचा प्रश्न निराळा. आक्कांनी अंगणात रांगोळीने ठिपक्यांची वेल माझ्यासमोर काढून दाखवली, हात जराही न अडखळता. मग रांगोळीच का घेऊ नये? कारण ती वर्षानुवर्षं बोटांत बसलेली आहे, आजार बराच पुढे गेल्यावरही निघू शकते, आणि पुरुष रांगोळी काढत नाहीत. नायजेरियातल्या इबादानमध्ये संशोधकांनी पेन्सिल न धरलेल्या ज्येष्ठांसाठी काडेपेटीच्या काड्या वापरल्या होत्या: परीक्षक चार काड्यांची रचना करतो, समोरच्याने तशीच करायची. निरक्षरांसाठी आम्ही ते उचललं. काड्या प्रत्येकाने हाताळलेल्या असतात, त्यामुळे पदराखाली हात जात नाही. याची किंमतही आहे. आकृती काढलेल्या माणसाचे गुण आणि काड्या मांडलेल्याचे गुण नेमके एका तराजूत तोलता येत नाहीत, म्हणून कागदावर कोणती पद्धत वापरली ते लिहायचंच.

सुरुवातीला ऐकणं आणि दिसणं तपासायचं, चष्मा घालूनच बसवायचं, चांगल्या कानाच्या बाजूने बोलायचं. आणि गुण सांगण्याआधी डॉक्टरांनी बी-१२ आणि थायरॉईड पाहायचं, कारण त्यांच्या कमतरतेने आलेला विसर औषधाने सुधारू शकतो.

निष्पत्ती

नव्या कागदावर आक्कांना २७ गुण मिळाले. सन त्यांना याही वेळी सांगता आलं नाही. सुनेशी आणि शेजारणीशी बोललो. पैसे, स्वयंपाक, औषधं, वाट, देणंघेणं, कुठेच फरक नव्हता. रक्ततपासण्या ठीक होत्या. कानासाठी यंत्र मिळालं. मुलाला बोलावून मी स्वतः सांगितलं की चूक आमच्या कागदाची होती, आणि तसं रुग्णालयाच्या कागदावर लिहून दिलं. तो बराच वेळ खाली पाहत होता. बाजार लगेच सुरू झाला. पासबुक परत यायला दिवाळी उजाडली.

याच कागदाने दुसऱ्या टोकाला आम्हाला हरवलं, तेही लिहायला हवं. ७१ वर्षांचे एक निवृत्त मुख्याध्यापक आले, २९ गुण घेऊन गेले. पूर्वीची पद्धत असती तर आम्ही त्यांना 'उत्तम' म्हणून निरोप दिला असता. पण घरच्यांशी बोलायचं हा नियम होता. काकूंना बाहेर वेगळं बसवलं. त्या आधी काही बोलेनात, "ह्यांच्यामागे असं कसं सांगू?" मग हळूच म्हणाल्या, "सकाळचा पेपर दुपारी नवा म्हणून वाचतात. बँकेतून घरी यायची वाट दोनदा चुकली."

सरांना मग आम्ही एसीई-३ ही शंभर गुणांची चाचणी दिली. ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द मिनिटभरात सांगायचे असतात. सरांनी 'प' ऐकताच सुरुवात केली: पतंग, पाणी, पितळ, पीठ, पुस्तक, पूल, पेला, पैसा, पोळी... आजाराची खूण तिथे कुठेच दिसेना. बाराखडीची शिडी पाठ असलेल्या शिक्षकाला प्रत्येक पायरीवर एक शब्द आपोआप सापडतो. इंग्रजीत अशी शिडी नाही. त्यामुळे या भागातल्या चांगल्या गुणांवर मी आता फार विसंबत नाही.

पत्त्यावर मात्र सगळं उघड झालं. इंग्रजीतल्या पत्त्याऐवजी आम्ही मराठी नाव, आळी, गाव, तालुका आणि जिल्हा असा पत्ता घातला होता, आणि जिल्हा मुद्दाम विदर्भातला. आमचाच जिल्हा असता तर अंदाजानेही गुण मिळाले असते. थोड्या वेळाने विचारल्यावर सरांना त्या पत्त्यातलं काहीच सांगता आलं नाही. ते म्हणाले, "पत्ता? तुम्ही मला पत्ता दिलाच नाहीत." शहरातल्या न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमरची सुरुवात असल्याचं निदान केलं. लवकर कळल्यामुळे घराच्या व्यवहाराची कागदपत्रं सरांना स्वतःच्या सहीने मार्गी लावता आली.

आज पुन्हा करायचं तर

पारावर आधी बसेन, भाषांतराला नंतर. उलट भाषांतराने शब्द शब्दाशी जुळतात की नाही एवढं कळतं, पण प्रश्न तितकाच अवघड राहिला का, हे ते सांगत नाही. 'मजला' हा शब्द दोन्ही भाषांत अचूक होता, समाजमंदिराला तेवढा मजला नव्हता.

वाक्याच्या गुणावर मी जिंकले, पण आज तो वाद होऊच देणार नाही. बोलीतही रूप न बदलणारे शब्द घेऊन वाक्य बांधलं असतं तर प्रश्नच आला नसता. शिकलेल्यांसाठी आणि न शिकलेल्यांसाठी दोन वाटा पहिल्या दिवसापासून ठेवेन. एकाच कागदाने आक्का आणि सर दोघांनाही पाहायचा हट्ट आमच्या सोयीचा होता.

हा कागद आमच्या तालुक्याचा आहे. नागपूरच्या एका मैत्रिणीने तो मागितला तेव्हा दिला, पण वऱ्हाडी आजी-आजोबांबरोबर आधी बसायला सांगितलं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये चाचण्यांचा संच तयार केला, त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. मराठीत वय आणि शिक्षणानुसार सर्वसाधारण गुण ठरवायचे तर अनेक जिल्ह्यांनी मिळून, निरोगी माणसांवर, काम करावं लागेल. एका रुग्णालयाच्या हातचं ते नाही.

आणि शिबिरात कुणाच्याही हातात गुणांचा आकडा देणार नाही. आता आमच्या कागदावर बेरजेचा रकाना शेवटच्या पानावर आहे, आणि घरच्यांशी झालेलं बोलणं लिहिल्याशिवाय तो भरायचा नाही. आक्कांचा पहिला कागद मी फाइलमध्ये ठेवला आहे. नवा विद्यार्थी आला की तो त्याच्यासमोर ठेवते आणि एवढंच विचारते: यातले तीन गुण बघ, जे गेलेच नाहीत. तुला कुठे दिसतात?